रेघ संपेपर्यंत

"चटणी संपली का गं?" मी विचारलं.

पद्मा ओट्यापाशी भाकरी भाजत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "वाढलीय की."

"कुठाय?"

तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, टेबलापाशी आली आणि माझं ताट दोन्ही हातांनी धरून अर्धं फिरवलं. भाजी पलीकडं गेली. शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड, काकडीची कोशिंबीर, चिमूटभर मीठ, सगळं माझ्यासमोर येऊन बसलं.

"हे आधीच वाढायला काय होतं?" मी म्हटलं. "रोज आपलं मागून घ्यायचं म्हणजे काय!"

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि भाकरी उलटायला गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता कंटाळा होता. मला वाटलं, उन्हाळा सुरू झालाय, त्याचा असेल.

याला आता बरीच वर्षं झाली. त्या साली दिवाळी उरकली आणि मला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय दोन्ही गेले आणि हळूहळू परतही आले. उन्हाळ्याच्या तोंडाशी मी काठीशिवाय घरात हिंडायला लागलो होतो. डाव्या खांद्याला तेवढ्या दाराच्या चौकटी लागायच्या. घर जुनं, दारं अरुंद, लागणारच, असं माझं म्हणणं होतं.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी एकदा माझ्यापुढं कागद ठेवला, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "काका, हिच्या बरोबर मध्ये खूण करा." मी केली. त्या कागदाकडं बघत नुसतं "हं" म्हणाल्या. मग माझ्याशी बोलायचं सोडून पद्माशीच बोलायला लागल्या.

"डोळ्यांना काही झालेलं नाही. डावीकडचं डोळ्यांना दिसतं, पण मन तिकडं जातच नाही. आणि मन जात नाही, म्हणून काही राहिलंय हेही कळत नाही. सारखी आठवण करावी लागेल. व्यायाम देते काही, ते रोज करून घ्या."

"बाई," मी म्हटलं, "मी प्रूफरीडर आहे. राहिलेलं शोधून काढणं हाच माझा धंदा."

त्या हसल्या. व्यायामाचा कागद पद्मानं पर्समध्ये ठेवला आणि घरी आल्यावर मी त्याला हातसुद्धा लावला नाही.

मी उगीच फुशारकी मारत नव्हतो. सांगलीतल्या एका दैनिकात मी उभा जन्म प्रुफं तपासण्यात घालवला. नवीन पोरं कामाला लागली की पहिल्याच दिवशी सांगायचो, बाबांनो, इथं वाचायचं नाही. माणूस वाचायला लागला की अक्षरं बघतच नाही. शब्दाचं एखादं टोक दिसलं की त्याचं मन पुढं पळतं, बाकीचं पदरचं घालतं आणि वर म्हणतं, वाचलं. 'महानगरपलिका' असं छापा, शंभरातले नव्वद जण 'महानगरपालिका' वाचून मोकळे होतील. त्यांना अर्थ हवा असतो, आणि तो मिळालेला असतो, मग काना गेला खड्ड्यात. म्हणून संशय आला की शब्द शेवटून धरायचा. एकेक अक्षर मागं मागं जायचं. उलट्या शब्दाला अर्थ नसतो, त्यामुळं मनाला पळायला वाट सापडत नाही. पोरं हसायची. पण माझ्या हाताखालून गेलेल्या पानासाठी पेपरला कधी माफीनामा छापावा लागला नाही.

अशा माणसाला कालची पोर सांगणार, तुमचं वाचायचं राहतं म्हणून!

राहत होतं ते वर्तमानपत्रवाल्यांचं. मी रिटायर झालो आणि पेपरची पार रया गेली, असं माझं मत झालं. सकाळी पद्मा मेथी निवडत बसायची आणि मी तिला मोठ्यानं बातम्या वाचून दाखवायचो. आमची जुनीच सवय ती. पण हल्लीच्या बातम्यांना शेंडाबुडखा नसायचा. ओळी मधूनच सुरू व्हायच्या, नावं अर्धी, क्रियापदाला कर्ता नाही.

"काय लिहितात बघ," मी म्हणायचो. "अगं, वाक्य कुठनं सुरू करायचं हेसुद्धा कळत नाही यांना."

"हो का," पद्मा म्हणायची.

पण मीही काही कच्चा नव्हतो. जिथं अडेल तिथं अंदाजानं जोडून घ्यायचो आणि बातमी झकास उभी राहायची. एकदा तर आमच्या भागातली पाणी योजना मंजूर झाल्याची बातमी मी पद्माला वाचून दाखवली, दूधवाल्याला सांगितली, आणि गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी शेजारचे कुडचे पेपर घेऊन आले.

"अण्णा, योजना नामंजूर झालीय हो. तुम्ही मंजूर कुठं वाचलीत?"

"कालच्या अंकात."

"हा कालचाच अंक आहे." त्यांनी बातमीवर बोट ठेवलं. बोट ठेवलं तिथं खरोखरच 'ना' होता.

"तुमच्यात असेल," मी म्हटलं. "आवृत्त्या वेगवेगळ्या असतात."

कुडचे गरीब माणूस. पेपरची घडी घालून निघून गेले. मी मात्र पेटलो. ऑफिसात फोन लावला आणि ज्यानं उचलला त्याला विचारलं, "तुमच्याकडं प्रुफं कोण बघतंय? पहिली अक्षरं गाळताय तुम्ही लोक." तो पोरगा "बघतो सर, बघतो सर" म्हणत राहिला. पद्मा दारात उभी राहून ऐकत होती. मी फोन ठेवला तेव्हा ती आत निघून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भरतेशचा, आमच्या मुलाचा, रविवारी पुण्याहून फोन यायचा. त्या रविवारी तो आडवळणानं बोलला नाही.

"बाबा, आता दोघंही इकडं या. घर बंद करू, नाहीतर भाड्यानं देऊ. आईला एकटीला किती करायला लावायचं?"

"तिला काय करावं लागतं? माझं मी सगळं करतो."

"सगळं?"

"सगळं. अंघोळ, दाढी, पेपर, फिरणं. विचार तुझ्या आईला."

पद्मा समोरच होती. ती काही बोलली नाही. ती गप्प आहे म्हणजे माझ्याच बाजूची आहे, असं मी धरून चाललो.

पुण्याचं घर म्हणजे अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. सून नोकरीला, नातू शाळेत, खाली उतरायचं तर लिफ्टवाल्याला सांगायचं. सांगलीत मी सकाळी घाटापर्यंत जाऊन यायचो. वाटेत चार माणसं 'काय मगदूम अण्णा' म्हणायची. पुण्यात मला कुणीच अण्णा म्हणणार नव्हतं. मी वेळेवर जेवायला घालायचा आणि वेळेवर झोपवायचा जिन्नस होणार होतो. मला त्या फ्लॅटची भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

"हे बघ," मी भरतेशला म्हटलं, "बुधवारी मी एकटा कोल्हापूरला जाऊन येतो. सुशीलाक्काकडं. एसटीनं. पोचलो की अक्का तुला फोन करेल. मग तर झालं?"

तो म्हणाला, "ठीक आहे. जाऊन आलात तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पण नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

बुधवारी सकाळी थोरल्या बहिणीकडं जायचं म्हणून मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. पद्मानं मला खिडकीपाशी उभं केलं, माझा रेझर आणला आणि डाव्या गालावर एक पट्टा ओढला.

"काय करतेस?"

"जरा राहिलं होतं इथं."

"केली होती मी."

"हो. जरासं राहिलं होतं." तिनं टॉवेलनं गाल पुसला. "स्टँडपर्यंत येऊ मी?"

"मग एकटा कसला?"

"बरं," ती म्हणाली. "जपून जा."

कोपऱ्यावर रिक्षा केली आणि स्टँडवर आलो. सांगलीच्या स्टँडची एक गंमत आहे. तिथून सुटणाऱ्या निम्म्या गाड्यांच्या गावांची शेपटी एकच. कोल्हापूर, सोलापूर, विजापूर, इस्लामपूर. सगळी पुरंच पुरं. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी तसलं काही डोक्यात नव्हतं. फलाटावर गर्दी होती, पोरं चणे-फुटाणे विकत होती, लाउडस्पीकरवर बाई काहीतरी खरखरत होती. एक गाडी मागं मागं येऊन फलाटाला लागली. मी दाराशेजारची पाटी वाचली, चांगली थांबून वाचली. कोल्हापूर. चढलो.

जागा बरी मिळाली. उजव्या हाताची खिडकी, ऊन नाही, वारा येतोय. गाडी स्टँडच्या बाहेर पडली आणि मी टोपी काढून मांडीवर ठेवली. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सावकाश, पायरी आहे, पाणी प्या, गोळी घ्या, असं कुणी म्हणत नव्हतं. मी तिकीट काढून जाणारा एक साधा प्रवासी होतो.

पूल लागला. खाली कृष्णा दिसली, पाणी पार आटलेलं. मी मनात म्हटलं, कोल्हापूरच्या वाटेवरची अंकली आली. अंकली जरा लवकरच आली, पण ड्रायव्हर पोरसवदा दिसत होता, हाणत असेल.

कंडक्टर बाई तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आल्या. "कुठं आजोबा?"

"एक कोल्हापूर. अर्धं."

"कोल्हापूर?" त्यांनी पंच थांबवला. "ही इस्लामपूर गाडी हाय."

"पाटी वाचलीय मी."

"वाचली असशीला, पर गाडी इस्लामपूरची हाय. डिग्रज गेलं की मागं."

"कोल्हापूरच्या वाटेवर डिग्रज कुठनं येईल?"

"तेच सांगतीय मी तुमास्नी!"

पुढच्या बाकावरचे दोघं तिघं हसले. एकजण मागं वळून म्हणाला, "आजोबा, तुंगाला उतरा, रस्ता ओलांडा आणि परतीच्या गाडीनं सांगलीला जावा. तिथनं मिळंल कोल्हापूर." दुसरा म्हणाला, "घरचं कुणी न्हाई का संगट?" त्या 'संगट'नं माझं डोकं फिरलं.

"पाटी चुकीची लावायची आणि वर माणसाला शहाणपण शिकवायचं," मी आवाज चढवला. "तक्रार करणार आहे मी. नाव काय तुमचं?"

कंडक्टर बाई काहीतरी फाडकन बोलणार होत्या. तेवढ्यात त्यांनी वळून पाठीमागं बघितलं, जरा वेळ तशाच थांबल्या आणि मग एकदम सबुरीनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आजोबा. तुंगाचं तिकीट देते. उतरताना पाटी बगून घ्या."

"बघणारच आहे. तुम्हालाही दाखवणार आहे."

तुंगाला गाडी थांबली. मी उतरलो. अंगात रग होती. दाराशेजारी खिडकीखाली पाटी अडकवलेली होती, हाताला येईल अशी. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि दारातल्या कंडक्टर बाईंना म्हटलं, "हे बघा. हे काय लिहिलंय? कोल्हापूर."

"आजोबा, गाडी थांबलीय वो."

"थांबू दे. तुम्हाला अक्षर अन् अक्षर दाखवतो."

आणि मी जन्मभर जे केलं तेच केलं. शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मागं निघालो.

"हा 'र'. हा 'पू'."

पुढं 'ल्हा' यायला हवा होता. बोटाखाली 'म' आला.

मी बोट उचललं, परत 'र'वर ठेवलं. र. पू. म. पांढऱ्या रंगातला, कोपऱ्यात जरा खरवडलेला, धडधडीत 'म'. कोल्हापुरात 'म' नाही. मी तो शब्द आयुष्यात हजारो वेळा तपासलाय, त्यात 'म' कुठंच नाही. माझ्या डोळ्यांना अजूनही 'कोल्हापूर'च दिसत होतं आणि बोट मात्र 'म'वर होतं.

अक्षरांच्या डोक्यावरची रेघ तेवढी मी सोडली नाही. बोट तिच्यावरून डावीकडं सरकवत गेलो. मला वाटत होतं, आता संपली. ती संपत नव्हती. रेघेखाली 'स्ला' आला, मग 'इ' आला, मग रेघ तुटली. मला वाटलं, पाटी झाली. तरी बोट तसंच पुढं ढकललं. पत्रा चालूच होता. मध्ये एक छोटी आडवी खूण, आणि तिच्या पलीकडं तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'सांगली'.

सांगली. माझं स्वतःचं गाव त्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि मला ते दिसलंच नव्हतं. नव्हतं म्हणजे, पाटीवर गावाचं एकच नाव आहे आणि ते मी पुरतं वाचलंय, याबद्दल मला तसूभर शंका नव्हती.

"झालं का आजोबा?" कंडक्टर बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता, आणि तो मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

"झालं," मी म्हटलं. "जाऊ द्या गाडी."

डबल बेल वाजली. पाटी माझ्या बोटाखालून निघून गेली आणि धूळ उडाली.

थांब्याच्या शेडमध्ये सिमेंटचा बाक होता. मी जाऊन बसलो. ऊन तापलं होतं, रस्त्यापलीकडं उसाची गाडी उभी होती. मला रस्ता ओलांडून परतीची गाडी धरायची होती, पण उठवत नव्हतं. डोक्यात एकामागून एक गोष्टी यायला लागल्या. पाणी योजना. ऑफिसातला तो पोरगा. दाराच्या चौकटी. सकाळचा अर्धवट गाल. चटणी तर रोजच ताटात होती. पद्मा रोज वाढत होती आणि मी रोज तिलाच बोलत होतो. पेपरात कुणी काहीही गाळलेलं नव्हतं.

मला फार भीती वाटली. झटका आला तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती. हात हलत नाही हे निदान कळत तरी होतं. इथं राहिलेल्या जागी काही भोक नव्हतं, अंधार नव्हता. जे दिसत होतं ते सगळं पुरं होतं, त्याला अर्थ होता. ही शेड पुरी होती, हा रस्ता पुरा होता. तसा तो 'मंजूर'ही पुरा होता. मग मी ओळखायचं कशावरनं?

बोटानं तेवढं कळलं होतं. संपलं असं वाटलं तरी पुढं ढकलायचं. म्हटलं, बघू तरी, इथं आणखी काय काय आहे ते. मी बाकाच्या कडेवर बोट ठेवलं आणि डावीकडं सरकवायला लागलो. मानही बोटामागं वळवली. बाक संपला असं वाटलं. आणखी वळवली. सिमेंट चालूच होतं, त्यावर कुणीतरी कोळशानं बाण काढला होता. आणखी वळवली. मान दुखायला लागली.

एक हिरवा पदर दिसला. मांडीवर घट्ट धरलेली पर्स दिसली. धुळीनं भरलेल्या चपला दिसल्या.

पद्मा बसली होती. माझ्यापासून हातभर अंतरावर.

"तू?" मी म्हटलं.

तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढं केली. "पाणी प्या आधी."

"तू कधी आलीस?"

"इथंच आहे मी," ती म्हणाली. "कधीची. तुमच्या पाठोपाठ दुसऱ्या रिक्षानं आले. स्टँडवर तुमच्या शेजारी उभी होते. गाडीत पलीकडच्या बाकावर होते. मध्ये नुसती जायची वाट होती. तिकीट काढलं, कंडक्टर बाईंना खूण केली, तुमच्या मागोमाग उतरले, इथं येऊन बसले."

"मग हाक मारायची नाहीस?"

"मारणार होते की. तुम्ही पाटी वाचत होता ना स्टँडवर, तेव्हा मी मनात म्हणत होते, वाचा हो, नीट वाचा, सगळी वाचा. देवाशप्पथ, तुम्ही बरोबर गाडीत बसावं असंच वाटत होतं मला. तुमचे ओठ हलले. कोल्हापूर म्हणालात आणि चढलात." तिनं बाटलीचं झाकण हातात फिरवलं. "तेव्हा हाक मारली असती तर म्हणाला असता, तूच माझं लक्ष घालवलंस."

"म्हणालो असतो," मी म्हटलं.

"आणि परत उद्यापासून तेच. ताट फिरवायचं, गाल पुसायचा, चौकटीला खांदा लागायच्या आधी मध्ये हात घालायचा, आणि तुम्ही फोनवर सांगणार, माझं मी सगळं करतो." तिचा आवाज चिरकला. "करण्याचं काही नाही हो. करते मी. पण मी दमले. डावीकडं बसले की मी तुमच्या लेखी घरातच नसते. तुम्ही स्वयंपाकघराकडं तोंड करून हाका मारता, पद्मा, कुठं गेलीस गं, आणि मी तुमच्या शेजारी बसलेली असते. मग मी गुपचूप उठायचं, मागून फेरा मारायचा आणि उजवीकडून यायचं, आत्ताच आल्यासारखं. एवढी वर्षं मी तुमच्या डाव्या हाताला बसत आले. हल्ली बसायची भीतीच वाटते."

"आज मग कशी बसलीस?"

"बघावं म्हटलं," ती म्हणाली, "दिसते का."

मी पाणी प्यायलो. बाटली तिच्याकडं देताना ती पुन्हा माझ्या नजरेतून निसटली आणि मला परत मान वळवून ती शोधावी लागली. हे असं किती वेळा करावं लागणार आहे याचा नुसता विचार करूनच मी थकलो.

"भरतेशला फोन लाव," मी म्हटलं.

"आत्ता? काय सांगू त्याला?"

"तू नको सांगू. लावून दे फक्त. मी बोलतो."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, बटणं दाबली आणि माझ्या उजव्या हातात दिला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला, म्हणजे फोन हातात धरूनच बसला असावा.

"बाबा? पोचलात?"

"नाही. तुंगात आहे. इस्लामपूरच्या गाडीत बसलो."

"म्हणजे? कसं काय? लागलंबिगलं नाही ना कुठं?"

"काही लागलं नाही. ऐक. मला डावीकडचं कळत नाही रे. त्या डॉक्टरीण बाई म्हणत होत्या ते खरं आहे. पाटीसुद्धा मी अर्धीच वाचली आणि उरलेली मनानं वाचली. पेपरही तसाच वाचतो. गेले कित्येक महिने तसाच वाचतोय. पुण्याचं तू म्हणशील तसं. मी काही बोलणार नाही."

माझ्या तोंडून असलं काही ऐकायची त्याला सवय नव्हती, मला बोलायचीही नव्हती.

"असू दे बाबा," तो म्हणाला. "पुण्याचं मग बघू. आधी ते व्यायाम सुरू करू, सांगलीतच करू हवं तर." मग एकदम घाबरून त्यानं विचारलं, "पण तुम्ही तिथं एकटेच आहात का? आई कुठाय?"

मी मान वळवली. ती दिसेपर्यंत वळवत नेली. पदर डोळ्यांना लावून ती हमसून हमसून रडत होती, आणि तिला रडताना मी झटक्यानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

"इथंच आहे," मी म्हटलं. "माझ्या डाव्या हाताला."